जहाजापाशी थांबलेला दिवा

हवाना बंदराच्या पलीकडच्या काठावर, रेग्लाच्या धक्क्यावर होडीतून उतरलेली माणसं आधी देवीच्या देवळात न जाता इलारियाच्या कढईपाशी थांबतात, म्हणून पाद्रीबाबांनी एकदा भर प्रवचनात नाराजी दाखवली होती. प्रवचन संपल्यावर त्यांनी स्वतःसाठी चवळीचे वडे बांधून नेले, तेही गरम आहेत ना याची खात्री करून. इलारियाच्या वड्यांपुढे आमच्याकडे कोणाचंच काही चालत नसे.

तिची आई उसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबली होती. इलारिया मात्र मोकळी जन्मली आणि जन्मभर पाण्याच्या काठाला राहिली. नवरा नावाडी होता, तो पिवळ्या तापानं गेला. मागे उरला एकुलता एक मुलगा, एवेलियो. तो बापाची होडी चालवायचा. हवानाहून रेग्लाला माणसं आणायची, रेग्लाहून हवानाला न्यायची आणि मधल्या वेळात बंदरात उभ्या असलेल्या जहाजांना संत्री विकायची, असा त्याचा दिवस जाई. शीळ इतकी गोड घालायचा की धक्क्यावरच्या पोरी त्याची होडी दिसायच्या आधीच केस सारखे करायला लागत. त्याच्या मनगटावर इलारियानं स्वतः ओवलेले निळे-पांढरे मणी होते. एक निळा, एक पांढरा, आणि गाठीपाशी तांब्याचा एक मणी, कारण त्या दिवशी पांढरे संपले होते. पाण्याच्या मालकिणीचे हे रंग. गोरे तिला मेरीमाता म्हणतात, आणि इलारियाची आई तिला समुद्रापलीकडून आणलेल्या नावानं हाक मारायची. आमची देवी काळी आहे, निळं वस्त्र नेसते आणि दोन्ही नावांना ओ देते.

कार्निव्हलचे दिवस होते. बंदरात मध्यावर अमेरिकेचं मेन नावाचं लढाऊ जहाज येऊन उभं होतं, पांढरंशुभ्र. तेव्हा बेटावर राज्य स्पेनचं, डोंगरात बंडवाले लढत होते, आणि हे पाहुणं जहाज कशाला आलंय याबद्दल जो तो आपापली अक्कल पाजळत होता. एवेलियोला त्याचं काही नव्हतं. त्याची संत्री खपत होती.

एका सकाळी त्याची होडी रिकामी सापडली. उलटली नव्हती, फुटली नव्हती. वल्ही जागच्या जागी होती, आणि चहूकडे पाण्यावर संत्री तरंगत होती. ऊन नुकतं वर आलं होतं आणि ती संत्री हळूहळू डुलत बंदरभर पसरत चालली होती. इलारिया काठावर उभी राहून बघत राहिली. पुढे कितीतरी वर्षं तिला स्वप्नात तेवढंच दिसे, निळं पाणी आणि संत्री, आणि कुठंच आवाज नाही.

"वहिनी, तो बंडवाल्यांना जाऊन मिळाला असेल," तिचा धाकटा दीर क्रिस्पिन म्हणाला. तोही नावाडीच होता. "तरणी पोरं सगळी तिकडंच चाललीत."

"होडी सोडून? भावजी, तो देवळात शिरला तरी मागं वळून होडीकडं बघायचा."

पोर पाण्यात गेलं हे क्रिस्पिनलाही कळत होतं.

आमच्याकडे पाण्यात गेलेल्या माणसाला शोधायची एक रीत आहे. सुक्या भोपळ्याच्या तुंब्याची अर्धी वाटी घ्यायची, तळाशी देवीसाठी काकवीचा थेंब लावायचा, त्यावर मेणबत्ती उभी करायची आणि दिवेलागणीला ती पाण्यावर सोडून द्यायची. सोडणारी आईच हवी. दिवा वाहत जातो, आणि जिथं माणूस तळाशी निजलेला असतो तिथं थांबतो, जागच्या जागी फिरतो. तोवर आईनं एक शब्द बोलायचा नाही. शिकलेली माणसं हसतात. हसू देत. त्यांचं कोणी बुडालं की तीही संध्याकाळी हळूच तुंबा मागायला येतात, हे मी पाहिलंय.

इलारियानं दिवा सोडला. वारा पडला होता. तिकडं हवानात कार्निव्हलचे ढोल वाजत होते आणि त्यांचा आवाज पाण्यावरून येता येता मऊ होत होता. दिवा निघाला, सावकाश, आपल्याला कुठं जायचंय हे ठाऊक असल्यासारखा. एका गलबताला वळसा घालून तो त्या पांढऱ्या जहाजापाशी पोचला, थांबला आणि फिरू लागला. इलारियाला रडू आलं नाही. पोर सापडलं, म्हणून तिला आधी बरंच वाटलं. उद्या सकाळी क्रिस्पिन गळ घेऊन जाईल, जहाजावरच्या साहेबांना विचारून पोराला वर काढील, मग देवळातल्या थंडगार फरशीवर त्याला ठेवता येईल, असं ती रात्र चढेपर्यंत मनाशी जुळवत बसली.

तोच ते जहाज फुटलं.

आधी उजेड झाला. सगळं रेग्ला दुपारसारखं दिसलं, कौलं, कोंबड्या, दोरीवरचे कपडे. मग जमीन हलली, आणि मग आवाज आला. आकाशातून काय काय पडत राहिलं. क्रिस्पिन आणि बाकीचे नावाडी होड्या घेऊन धावले. स्पेनच्या जहाजावरच्या होड्याही धावल्या. त्या घटकेला कोण कोणाचा शत्रू हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं. इलारियानं घरातल्या चादरी फाडून पट्ट्या केल्या. पट्ट्या फाडताना तिच्या मनात एकच घोळत होतं. दिवा तिथं होता, माझा दिवा तिथं होता.

"अगं वहिनी, लोखंडाचं जहाज ते, गवताची गंजी आहे का मेणबत्तीनं पेटायला?" क्रिस्पिन तिला समजावत राहिला. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. बाकी काही नाही."

तिला ते पटलं. पण जहाज तिथंच बुडून चिखलात बसलं होतं, बरोबर त्या जागी, आणि त्याच्याखाली तिचा एवेलियो होता. एवढं मोठं लोखंड आता कोण उचलणार?

शेकडो खलाशी मेले होते. हवानानं त्यांना फुलांनी मढवून मिरवत नेलं, आणि त्यांच्यासाठी रडलेल्या बायका खऱ्याच रडल्या. मग पाणबुडे आले. पितळेची डोकी घालून ते रोज खाली उतरायचे. ते बघून इलारियाच्या जिवाला आशा लागली. यांना सांगितलं तर खाली माझंही पोर बघतील.

म्हणून लाल मिशांचा एक अमेरिकन पेपरवाला धक्क्यावर येऊन विचारपूस करू लागला, तेव्हा ती आपण होऊन पुढे गेली. त्याच्याबरोबर पेरुचो होता. हा पेरुचो हवानातल्या मोठ्या हॉटेलात थाळ्या उचलता उचलता इंग्रजी शिकलेला, आणि तेव्हापासून जमिनीवरून चार बोटं वर चालणारा.

"काकू, साहेब विचारतात, त्या संध्याकाळी तुम्ही काय पाहिलं?"

"दिवा पाहिला."

साहेबाची पेन्सिल थांबली. "कुठं?"

"आपल्या काठाकडून गेला, त्या जहाजापाशी पोचला नि थांबला. मग जहाज फुटलं. सांग त्याला, तुंब्यातला दिवा होता. मीच सोडलेला, माझ्या लेकासाठी. तो तिथंच खाली आहे. पाणबुड्यांना म्हणावं, जरा बघा."

पेरुचो त्याच्याशी चार शब्द बोलून थांबला, आणि साहेब भराभर लिहू लागला.

"एवढंच सांगितलंस? मी केवढं बोलले!"

"अहो काकू, तुंबा, काकवी, देवी हे सगळं सांगत बसलो तर साहेब म्हणेल मला जेवायला बोलावलंय का. त्याला दिवा पुरे."

"पण दिवा माझा होता ना रे मेल्या!"

"कळलं हो, कळलं. दोन वडे द्या, साहेबाला वास लागलाय."

साहेबानं वडा तोंडात घातला, जीभ पोळली, तरी हसला. माणूस वाईट नव्हता. तसं म्हटलं तर त्या धंद्यातला कोणीच माणूस समोर उभा असताना वाईट नसतो.

काही दिवसांनी पेरुचो पेपर नाचवत आला. पहिल्याच पानावर हे भलं मोठं चित्र. काठावर एक तरणी, गोरीपान बाई उभी, केस वाऱ्यावर उडताहेत, एक हात छातीशी आणि दुसरा समुद्राकडे. तिकडं अंधारात एक होडी, होडीत स्पेनचे सैनिक, पुढ्यात दिवा आणि तो जहाजाकडं चाललाय.

"ही कोण भवानी?" इलारियानं विचारलं.

"तुम्हीच काकू! खाली लिहिलंय, या अबलेनं शत्रूचा दिवा जहाजाकडं सरपटत जाताना डोळ्यांनी पाहिला."

धक्का खो खो हसला. क्रिस्पिन तर म्हणाला, "वहिनी, एवढी कंबर तुझी दादाच्या लग्नातही नव्हती." इलारियाही हसली. हसता हसता तिनं विचारलं, "आणि एवेलियो? एवेलियोचं कुठं लिहिलंय?"

पेरुचोनं पान उलटून पाहिलं. मागे साबणाची जाहिरात होती.

आता त्या एका दिव्यापायी युद्ध झालं असं म्हणणारा वेडाच. त्या पेपरांतून रोज असे साक्षीदार उगवत होते. एकानं पाण्याखालची तार पाहिली होती, दुसऱ्यानं दाढीवाला हेर पाहिला होता, आणि नुसत्या चित्रांतच ते जहाज किती वेळा किती तऱ्हांनी फुटलं देव जाणे. मेलेल्यांची आठवण ठेवा, सूड घ्या, असं तिकडं गल्लीगल्लीत ओरडत होते म्हणे. इकडचे स्पेनवालेही काही गप्प बसणारे नव्हते. त्यांच्या पेपरांनी अमेरिकनांना डुकरं म्हटलं आणि धक्क्यावरच्या एका शिपायानं इलारियाची कढई लाथेनं उलटवली. "खोटारडे! खोटी साक्ष देतेस?" तापलं तेल दगडांवरून वाहत पाण्यात गेलं. शहाण्या माणसांची चौकशी चालू होती, आणि जहाज आतून फुटलं की बाहेरून यावर ते भांडत होते. पुढेही ते भांडतच राहिले. पण पेपरांना थांबायला सवड नव्हती. जत्रेला निघावं इतक्या सहज माणसं लढाईला निघाली.

वसंत सरता सरता अमेरिकेची लढाऊ जहाजं बंदराच्या तोंडावर येऊन उभी राहिली. आत काही येईना, बाहेर काही जाईना. चवळी संपली, तेल संपलं, मांजरं दिसेनाशी झाली. बंड चिरडायला स्पेनवाल्यांनी खेड्यांतून हाकलून शहरात कोंबलेली माणसं तर आधीच भुकेनं मरत होती, आता शहराचीही पाळी आली. क्रिस्पिन स्वतःच्या वाटचं तिच्या ताटात सारायचा आणि मी बाहेर खाऊन आलो म्हणायचा. बाहेर काय होतं खायला? तिला कळत होतं आणि ती खात होती. हे तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

शेवटी तो उठेनासा झाला. त्याच्या उशाशी बसून ती म्हणाली, "भावजी, हे माझ्या तोंडानं झालं."

"तू खरं तेच बोललीस वहिनी. खरं बोलणं हा काय गुन्हा?"

"खरं बोलले, पण कोणापाशी बोलले!"

तो हसला बहुतेक. सकाळी तो गेलेला होता, आणि त्याला दफनभूमीपर्यंत न्यायला धड चालता येणारी चार माणसंही मिळेनात.

युद्ध उन्हाळ्यातच संपलं. स्पेन गेलं, अमेरिका आली. मग आपलं सरकार आलं, मग अमेरिका पुन्हा आली आणि पुन्हा गेली. झेंडे चढले, उतरले. बुडालेलं जहाज मात्र बंदराच्या मध्यावर तसंच होतं. वाकडंतिकडं लोखंड आणि एक डोलकाठी पाण्याबाहेर राहिली होती, तिच्यावर पाणकोळी पंख वाळवत बसायचे. परगावची माणसं ते बघायला होड्या करून येत. इलारियाला ते लोखंड दिसतच नसे. तिच्या लेखी ते छप्पर होतं. उन्हाच्या वेळी ती कढईमागं बसल्या बसल्या डुलकी घ्यायची, आणि मग ती त्या छपराखाली जायची. आत हिरवा उजेड असायचा, मासे खिडक्यांतून ये-जा करत असायचे, आणि एवेलियो हात उशाशी घेऊन निजलेला असायचा, शीळ घालायला ओठांचा चंबू केलेला. त्याला उठवू नये म्हणून ती पाय न वाजवता परत यायची. कोणी वडे मागितले की दचकून जागी व्हायची आणि म्हणायची, "हळू बोल रे."

दर वर्षी देवीच्या जत्रेच्या संध्याकाळी ती दिवा सोडायची. दर वर्षी तो जायचा, लोखंडापाशी थांबायचा, फिरायचा. तिथं पाण्याला भोवरा आहे असं नावाडी म्हणत. असेलही.

तिचे केस पांढरे झाले. मग एकदा अमेरिकनांनी ठरवलं की ते जहाज उपसून काढायचं, आत राहिलेल्या खलाशांची हाडं न्यायची आणि सांगाडा खोल समुद्रात बुडवायचा. जहाजाभोवती लोखंडी पत्र्यांचं रिंगण ठोकलं आणि आतलं पाणी पंपांनी उपसून टाकलं. बंदराच्या पोटात चिखलाची एक विहीर तयार झाली. तिथं गाळ काढायला फिलोमेनो जायचा. हा इलारियाचा भाडेकरू, दोन लेकरांचा बाप, मोठ्या आवाजाचा. तो संध्याकाळी शिंपले लागलेले बूट दाराबाहेर काढायचा आणि काय काय सापडलं ते सांगायचा. इलारिया सगळं ऐकून घ्यायची आणि काही विचारायची नाही.

एका संध्याकाळी तो बूट न काढताच आत आला, आणि आवाज बारीक करून बोलला.

"मावशी, आज एक जण सापडला. जहाजाच्या पोटात नव्हे, पोटाखाली. चिखलात दाबलेला. मुकादम म्हणाला, हाही खलाशीच, बाहेर फेकला गेला असेल, घाला पेटीत. पण मनगटाशी हे होतं. मुकादमानं पाहायच्या आत मी खिशात टाकलं. आपल्या देवीचं, परक्यांच्या पेटीत कशाला जाऊ द्यायचं?"

त्यानं मूठ उघडली. दोरा कधीच कुजला होता, मणी चिखलात थिजून राहिले होते. इलारियानं ते पाण्यात धुतले. एक निळा, एक पांढरा. आणि हिरवा पडलेला तांब्याचा एक.

फिलोमेनोला काही सांगावं लागलं नाही. तो खाली बसला आणि डोळे पुसू लागला. "चल मावशी, उद्याच जाऊ. पेटी अजून शेडमध्येच आहे. मणी दाखव, म्हणावं माझा मुलगा आहे. देतील. द्यायलाच पाहिजे!"

सकाळी तिनं ठेवणीतला निळा झगा घातला, मणी मुठीत घेतले आणि ती फिलोमेनोबरोबर होडीनं हवानाला गेली. इतक्या वर्षांनी ती लेकाला आणायला निघाली होती. क्रिस्पिनच्या शेजारी त्याला जागा द्यायची, दगडावर नाव घालायचं, रविवारी फुलं न्यायची, एवढंच तिला हवं होतं. होडीत ती स्वतःशीच हसली.

शेडच्या दाराशी पेपरवाले उभे होते. आता त्यांच्या गळ्यात कॅमेरे होते. त्यातला एक पोरसवदा अमेरिकन, छान स्पॅनिश बोलणारा, पुढे आला. या वेळी मध्ये पेरुचो नव्हता.

"या आजी. तुमचं कोणी होतं का जहाजावर?"

इलारियानं नकारार्थी मान हलवली.

"जहाजावर नसेल तर जहाजाच्या आसपास?" तो गोड हसून म्हणाला. "आमच्याकडे अजून लोक म्हणतात, जहाजाखाली सुरुंग ठेवणारा कोणी इथलाच होता. त्याचा पत्ता लागला तर काय बातमी होईल! तुम्ही जुनी माणसं. काही ऐकलंत, पाहिलंत?"

मागे फिलोमेनो कुजबुजला, "बोल ना मावशी."

मुठीतले मणी घामेजले. आतमध्ये, दहा पावलांवर, पेट्या रांगेनं ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या एकीत तिचा एवेलियो होता. माझा मुलगा जहाजाखाली होता. एवढंच वाक्य, आणि खरं. तिला ते पहिल्या पानावर छापलेलं दिसलं. चित्रही दिसलं. संत्री कुठंच नव्हती. एक काळा माणूस दात विचकून जहाजाखाली सुरुंग लावत होता, आणि चेहरा तिच्या लेकाचा होता. मग तिकडच्या गल्ल्यांत ओरडा, मग बंदराच्या तोंडावर पुन्हा ती जहाजं, आणि फिलोमेनोची लेकरं ताटातले चवळीचे दाणे मोजून खाताहेत.

होईलच असं नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण 'कदाचित' म्हणून तोंड उघडून तिनं एकदा पाहिलं होतं.

"मी वडे विकते बाळा," ती म्हणाली. "रेग्लाला आलास तर ये. गरम असतात, फुंकर मारून खा."

आणि ती माघारी वळली. परतताना होडीत फिलोमेनो तिच्यावर भडकला, वेडी म्हणाला, दगड म्हणाला, मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती मोठ्यानं, तोंड उघडं टाकून रडत होती. आमच्याकडे इलारियाला रडताना पाहिलेला तो एकटाच माणूस.

मार्च महिन्यात जहाजाचा सांगाडा फुलांनी झाकून बंदराबाहेर ओढत नेला. पेट्या दुसऱ्या एका लढाऊ जहाजावर होत्या, प्रत्येकीवर अमेरिकेचा झेंडा. तोफा झडल्या, टोप्या उतरल्या, सारं हवाना काठावर लोटलं. रेग्लाच्या कुठल्या नावाड्याला असा मान कधी मिळाला नव्हता आणि पुढं मिळणारही नाही. परक्या राजधानीत, परक्या नावाखाली, शिपायांच्या ओळीत त्याला ठेवणार होते. इलारियाला राग आला, आणि कोणाला सांगता न येण्यासारखा अभिमानही वाटला.

तिनं भर दुपारी तुंब्याची वाटी आणली. काकवी लावली, मणी ठेवले, मेणबत्ती पेटवली. उन्हात ज्योत दिसतही नव्हती. तिनं दिवा सोडला. तो निघाला, जुन्या वाटेनं गेला, जिथं लोखंड होतं त्या मोकळ्या पाण्यावर आला, आणि तसाच पुढे गेला, बंदराच्या तोंडाकडं, जहाजांच्या मागोमाग.

"मावशी," फिलोमेनो म्हणाला, "दिवा थांबला नाही."

"थांबेल कशाला? तिथं कोणी नाही आता," इलारिया म्हणाली, आणि तेल तापलंय का ते बघायला वळली.